समुद्र नसलेल्या मुलखाचे शीड : तेर ते विष्णुपुरी

१/
१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची एक रेल्वेगाडी पहाटे लातूरला पोहोचली. तीत सुमारे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी होते. मांजरा धरण आटले होते आणि शहराची तहान भागवण्यासाठी सव्वातीनशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणावे लागत होते. वृत्तपत्रांनी या गाडीला ‘जलदूत’ म्हटले.

२/
त्याच महिन्यात दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिम्पिक पात्रतेची नौकाशर्यत झाली. तीत नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ रिओसाठी पात्र ठरला. त्याचे गाव तळेगाव रोही हेही अवर्षणग्रस्तच. लष्करात जाण्यापूर्वी त्याने वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केले होते.

३/
एकाच महिन्यातील या दोन घटना समोरासमोर ठेवल्या की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्या मुलखाला समुद्र नाही आणि पाण्याचीही खात्री नाही, त्या मुलखाचा नौकांशी संबंध काय? मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड-लातूरच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर वाटते त्यापेक्षा फार जुने आहे. हा धागा त्या उत्तराचा.

४/
आधी शब्दांची उकल. मराठीत ‘नौकानयन’ हा एकच शब्द दोन निराळ्या खेळांसाठी वापरला जातो. एकात वल्ही मारून होडी पुढे नेतात. दत्तू भोकनळचा खेळ हा. दुसऱ्यात वल्हे नसते. शीड असते आणि सारी मदार वाऱ्यावर असते. याटिंग किंवा सेलिंग म्हणतात तो हा दुसरा खेळ. दोन्हींच्या स्पर्धांना ‘रेगाटा’ म्हणतात. हा शब्द मूळचा व्हेनिसचा.

५/
शिडाच्या नौकेचे गमक थोडक्यात असे. वारा पाठीमागून असेल तर शीड वाऱ्याला अडवते आणि नौका ढकलली जाते; हे कोणालाही कळते. खरे कौशल्य वारा जिकडून येतो त्या दिशेने जाण्यात असते. तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि नौका ओढली जाते. ती बाजूला घसरू नये म्हणून तळाशी पाण्यात उतरलेली एक उभी फळी असते.

६/
तरीही नाकासमोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही. नौका एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी चालवत न्यावी लागते. शर्यतीत पाण्यावर तरंगते गोळे ठेवलेले असतात आणि ठरलेल्या क्रमाने त्यांना वळसे घालायचे असतात. कोणती झुळूक कोठून येणार, कधी वळायचे, याचा निर्णय खलाशाने क्षणात घ्यायचा. ताकदीइतकीच इथे निरीक्षणाची परीक्षा असते.

७/
आता मराठवाड्याकडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांतील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने तो ग्रंथ ओळखला जातो. त्यात भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरे आहेतच. शिवाय किनाऱ्यापासून खूप आत असलेली दख्खनमधील दोन नगरेही आहेत : पैठण आणि तगर.

८/
तगर म्हणजे आजचे तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी, लातूरपासून फार दूर नाही. पेरिप्लसचा लेखक सांगतो की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून, खडतर रस्त्यांनी बंदरावर जात असे.

९/
तेर येथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली दुसरी मूर्ती इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचलेली होती. तेरणेचा काठ आणि नेपल्सचा उपसागर यांच्यामध्ये बैलगाडी, बंदर आणि शिडाचे जहाज अशी साखळी होती.

१०/
ही साखळी चालत होती ती मोसमी वाऱ्यांवर. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून सुटणारा वारा धरून जहाजे अरबी समुद्र ओलांडून भारताकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून परत जात. पेरिप्लस या थेट समुद्रमार्गाचे श्रेय हिप्पालस नावाच्या नाविकाला देतो. अरबी आणि भारतीय खलाशांना हे वारे त्याआधीपासून परिचित असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

११/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जहाजांची शिडे फुगवणारा हाच नैर्ऋत्येचा वारा पुढे सह्याद्रीला धडकतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो कोसळतो आणि पठारावर उतरताना बराचसा रिता झालेला असतो. मराठवाडा पर्जन्यछायेत राहतो तो यामुळे. ज्या वाऱ्याने तगरचे कापड नेणारी जहाजे भारताकडे आणली, त्याच्याच वाटेवर लातूरची तहानही आहे.

१२/
पुढे शतकानुशतके या मुलखाचा समुद्राशी संबंध विरळ होत गेला. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, परभणी हा सारा भाग अठराव्या शतकापासून हैदराबादच्या निजामी राज्यात गेला. या राज्याला पूर्वी पूर्वकिनारा होता. १७६६ आणि १७६८ च्या तहांनंतर ‘उत्तर सरकार’ म्हणून ओळखला जाणारा तो किनारी प्रदेश, मच्छलीपट्टणच्या परिसरासह, ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि हैदराबाद चहूबाजूंनी भूवेष्टित झाले.

१३/
समुद्र नसण्याची ही सल निजामी राजवटीला अखेरपर्यंत बोचत होती. १९४७-४८ मध्ये स्वतंत्र राहण्याचा घाट घातला गेला, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याचे मुरगाव बंदर मिळवता येईल का, याची चाचपणी हैदराबादच्या बाजूने झाली होती. ती फळास आली नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला.

१४/
मात्र भूवेष्टित राज्याच्या राजधानीत एक विशाल तलाव होता : हुसेन सागर. कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात तो बांधला गेला. सिकंदराबादच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांना तो आयताच मिळाला आणि त्यावर शिडाच्या नौका फिरू लागल्या. आजही देशातील महत्त्वाच्या शर्यतींपैकी काही या तलावावर होतात. शिडाला समुद्र लागतोच असे नाही. रुंद पाणी आणि मोकळा वारा पुरतो, हे हुसेन सागराने दाखवले.

१५/
तिकडे मुंबईत काय चालले होते? १८४६ मध्ये तेथे याट क्लब स्थापन झाला. पुढे त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. अपोलो बंदरावरील या क्लबाचे दार भारतीयांना दीर्घकाळ बंद होते. ज्या बंदरात वाडिया घराण्याच्या कारागिरांनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या आणि ज्या पाण्यात कोळ्यांची गलबते पिढ्यान्‌पिढ्या फिरली, तेथे हौसेचे शीड मात्र राज्यकर्त्यांचे होते.

१६/
या पार्श्वभूमीवर ५ एप्रिल १९१९ हा दिवस महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते. म्हणूनच ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. कंपनीच्या संस्थापकांत वालचंद हिराचंद होते. त्यांचा जन्म सोलापूरचा. समुद्राच्या व्यापारात उतरलेला हा माणूसही कोरडवाहू मुलखातूनच आलेला होता.

१७/
आता विद्यार्थ्यांकडे वळू. विद्यापीठांच्या नौकाशर्यतींची परंपरा इंग्लंडमध्ये सुरू झाली. १८२९ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत हेन्ली येथे टेम्स नदीवर झाली. ती वल्ह्यांची होती. अमेरिकेत १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल एका सरोवरावर समोरासमोर आले. त्या देशातील दोन विद्यापीठांमधील हा पहिला क्रीडासामना मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या या दोन्ही विद्यापीठांत शिडाच्या नौकांचे क्लबही निघाले.

१८/
आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या विद्यार्थी-स्पर्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. फ्रान्समध्ये लिल येथील एडेक या व्यवस्थापन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर शिडाच्या नौकांची शर्यत सुरू केली. पुढे तिचे रूपांतर हजारो तरुणांच्या वार्षिक मेळाव्यात झाले. देशोदेशीचे संघ तेथे येतात. तिचे विशेष हे की निधी जमवण्यापासून बंदर निवडण्यापर्यंतचे सारे काम विद्यार्थी करतात.

१९/
फ्रान्समध्येच विद्यार्थ्यांची एक जागतिक नौकास्पर्धाही भरते. तिचे आयोजन एकोल पॉलिटेक्निक या प्रख्यात अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी करतात. या संस्थेची स्थापना १७९४ ची, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली. स्पर्धेत सर्वांना एकाच प्रकारच्या नौका दिल्या जातात. कोणाची नौका महाग, कोणाची स्वस्त, हा भेद तेथे उरत नाही. जिंकायचे ते वारा वाचण्याच्या बळावर. जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांतही, उदाहरणार्थ २०११ मध्ये चीनमधील शेन्झेन येथे, शिडाच्या नौकांचा समावेश झाला होता.

२०/
अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतःच्या बळावर नौकास्पर्धा भरवतात, हे दृश्य महाराष्ट्राला मात्र एडेकच्याही चाळीस वर्षे आधीपासून ठाऊक आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे ‘सीओईपी’चा, बोट क्लब १९२८ चा आहे. महाविद्यालयाची सुरुवात १८५४ मधील. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी घडवणारा एक वर्ग, इतकेच त्याचे मूळ रूप होते.

२१/
संगमाजवळ, नदीच्या काठी असलेल्या या क्लबाच्या रेगाटाला पुणेकर दरवर्षी मार्चच्या सुमारास गर्दी करतात. लांब अरुंद ‘शेल’, सपाट तळाच्या ‘पंट’, एकेकट्याने चालवायच्या ‘कयाक’ अशा नाना प्रकारच्या होड्या उतरतात. बाणाच्या टोकासारख्या रचना होतात, काळोख पडल्यावर पाण्यावर मशाली नाचतात. होड्यांची दुरुस्ती, सराव, वर्गणी, व्यवस्था हे सर्व विद्यार्थी पाहतात. शिडांचा नव्हे, वल्ह्यांचाच हा उत्सव. पण विद्यार्थ्यांनी चालवलेल्या नौकास्पर्धेचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने जिवंत उदाहरण हेच.

२२/
हा रेगाटा शक्य झाला कशामुळे? पुण्याची नदी काही टेम्स नव्हे. उन्हाळ्यात तिचे पात्र दगडांत हरवते. पण संगमाच्या खाली एकोणिसाव्या शतकात एक बंधारा बांधला गेला. बंडगार्डनला ‘बंड’ हा शब्द मिळाला तो त्याच्यावरून. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा या बंधाऱ्यात मोठा वाटा होता. शहराला पाणी मिळावे हा त्याचा हेतू. त्याने अडवलेल्या पाण्यावर पुढे होड्या तरंगल्या.

२३/
म्हणजे पुण्याच्या परंपरेचे घटक तीन : लोकांच्या तहानेसाठी बांधलेला बंधारा, त्यामुळे साचलेले रुंद पाणी आणि काठावरचे अभियांत्रिकी महाविद्यालय. समुद्र यात कोठेच नाही. अलीकडच्या काळात हे पाणी दूषित झाले आहे. जलपर्णी माजली की सरावच बंद पडतो. नदी आजारी पडली की खेळही आजारी पडतो, हेही या रेगाटाने शिकवले.

२४/
स्वातंत्र्यानंतर शिडाच्या खेळाचे चित्र हळूहळू बदलले. १९६० मध्ये राष्ट्रीय याटिंग संघटना स्थापन झाली. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात भरल्या. फायरबॉल या प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. फायरबॉल ही १९६२ मध्ये पीटर मिल्न यांनी आखलेली दोघांची चपळ नौका. प्लायवूडमधून घरच्या घरी बांधता यावी अशी. तारापोर पुढे तीन ऑलिम्पिक स्पर्धांत उतरले.

२५/
हे १९८२ साल लातूरच्या इतिहासातही आहे. उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आशियाई स्पर्धा त्यानंतर तीन महिन्यांनी झाल्या. एकाच राज्याचे हे दोन भाग. एका टोकाला मुंबईच्या समुद्रात शीड सुवर्ण जिंकत होते, दुसऱ्या टोकाला एक नवा जिल्हा आपल्या कचेऱ्या थाटत होता. दोहोंमधील अंतर केवळ किलोमीटरांचे नव्हते.

२६/
हे अंतर समुद्रामुळेच पडते का? भोपाळ त्याचे उत्तर देते. मध्य प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. तेथील मोठा तलाव परंपरेने अकराव्या शतकातील राजा भोजाशी जोडला जातो. या तलावावर सेलिंगची प्रशिक्षण शाळा उभी राहिली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत तेथे घडलेल्या हर्षिता तोमरने कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या स्पर्धांत देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवले.

२७/
हजार वर्षांपूर्वी पाणी साठवण्यासाठी घातलेला बांध आणि एकविसाव्या शतकातील आशियाई पदक यांच्यामध्ये एक प्रशिक्षण शाळा होती, काही नौका होत्या आणि शिकवणारी माणसे होती. हैदराबादेतही हुसेन सागरावर अलीकडच्या वर्षांत गरीब वस्त्यांतील मुलांना शीड धरायला शिकवले जात आहे. एकेकाळी छावणीतील साहेबांचा असलेला तलाव आता त्यांचाही झाला आहे.

२८/
आता नांदेड. गोदावरी येथे रुंद होते. नगिना घाट, बंदा घाट ही घाटांची नावेच शीख इतिहासाची साक्ष देतात. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांचे निर्वाण याच नगरीत झाले. पूल होण्यापूर्वी नदी ओलांडायची ती नावाड्याच्या भरवशावर. गोदाकाठच्या गावांत नाव, डोंगी, तराफा हे शब्द पुस्तकातून आलेले नाहीत. ते भोई आणि कोळी कुटुंबांच्या रोजच्या जगण्यातून आलेले आहेत.

२९/
शहराला लागून विष्णुपुरी येथे गोदावरीवर बंधारा बांधून मोठी उपसा सिंचन योजना उभारली गेली. जलाशयाला शंकरराव चव्हाण यांच्या नावावरून ‘शंकरसागर’ म्हणतात. शेतीला आणि नांदेड शहराला त्यातून पाणी मिळते. याच विष्णुपुरीत १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंदसिंघजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, तेथेच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

३०/
नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांची महाविद्यालये या विद्यापीठाकडे आहेत. म्हणजे लोकांच्या तहानेसाठी बांधलेला बंधारा, त्यामुळे साचलेले रुंद पाणी, काठावरचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेजारी एक विद्यापीठ. पुण्यात १९२८ मध्ये जे होते, ते सारे विष्णुपुरीत एका नजरेच्या टप्प्यात आहे.

३१/
येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्या प्रदेशाला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाण्यावर खेळण्याची भाषा शोभते का? विष्णुपुरीचे पाणी पिण्यासाठी आणि पिकांसाठी आहे. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की थेंबाथेंबाचा हिशेब होतो. २०१६ चे लातूर पाहिलेल्यांना ‘जलक्रीडा’ हा शब्द कानाला खुपला तर त्यांना दोष देता येणार नाही.

३२/
पण शीड पाणी पीत नाही. त्याला इंधन लागत नाही. पाण्यात तेल सोडणारे यंत्रही त्याला नसते. पुण्याचा बंधारा आणि भोपाळचा तलाव हे दोन्ही पाण्याच्या गरजेतूनच उभे राहिले. भोपाळचा मोठा तलाव तर आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. तेथे तहान आणि शीड यांनी एकमेकांची वाट अडवली नाही. शिवाय जलाशयाच्या पातळीवर रोज डोळा ठेवणारे तरुण असणे, हे कोणत्याही शहराच्या हिताचेच असते.

३३/
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पाण्याची भीती. दुष्काळी मुलखातील मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, आणि विहीरच आटली की तेही राहून जाते. दत्तू भोकनळलाही लष्करात आल्यावर सुरुवातीला पाण्याची भीती वाटे. २०१२ मध्ये भरती झालेल्या त्या जवानाने पुण्यात लष्कराच्या केंद्रात वल्हे हाती घेतले आणि चारच वर्षांनी रिओमध्ये एकेरी शर्यतीत जगात तेरावा क्रमांक मिळवला. २०१८ मध्ये जकार्तात चौघांच्या संघातून त्याने आशियाई सुवर्णही जिंकले.

३४/
त्याला समुद्र कोणी दिला नव्हता. दिले ते प्रशिक्षण, नौका आणि सरावापुरते पाणी. ते त्याला लष्करात मिळाले. ज्या विद्यार्थ्याला सैन्यात जायचे नाही, जो लातूरच्या एखाद्या शिकवणीवर्गात रात्रंदिवस परीक्षेची तयारी करतो किंवा नांदेडच्या वसतिगृहात राहतो, त्याच्यासाठी असे दार कोठे आहे, हा प्रश्न उरतो.

३५/
या इतिहासात एक सूत्र वारंवार दिसते. मुंबईत समुद्र होता, पण क्लबाचे दार बंद होते. सिकंदराबादेत तलाव होता, पण तो छावणीचा होता. पाणी जवळ असणे आणि पाण्यावर जाता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक निसर्ग देतो किंवा बंधारा देतो. दुसरी माणसांच्या निर्णयांवर ठरते. फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये आणि पुण्यातील विद्यार्थ्यांनी १९२८ मध्ये तो निर्णय स्वतः घेतला.

३६/
तेरच्या विणकराने समुद्र पाहिला असेल असे नाही. त्याचे कापड मात्र बैलगाडीतून भडोचला गेले, तेथून नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आलेल्या जहाजात चढले आणि ईशान्येच्या वाऱ्याने परतीच्या वाटेला लागले. या मुलखाला वाऱ्याची वेळापत्रके दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. पंचांग पाहून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला आजही ती ठाऊक आहेत.

३७/
आजही जून उजाडला की लातूरचा शेतकरी आभाळाकडे पाहत वाऱ्याची दिशा जोखतो. शिडाच्या नौकेवर बसलेला विद्यार्थी नेमके तेच करतो. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर संध्याकाळी सुटणाऱ्या वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उमटतात. खलाशी त्यांनाच वाऱ्याची लिपी मानतात. ती वाचायला शिकवणारा कोणी काठावर उभा राहिला, तर तगरची ती जुनी, तुटलेली साखळी पुन्हा जोडायला सुरुवात होईल.

(धागा समाप्त)